सावेला चायनीज येत नाही

—नाही रे रुपेश, घराला मी कुठे नावं ठेवतोय, घर चांगलंच आहे, तू दुपारी पँट्रीत फोटो दाखवलेस ना—बाल्कनी आहे, खाली किराणा आहे, समोर बाग आहे, रेयांशला खेळायला—चार वर्षांच्या पोराला आणखी काय लागतं? मी एवढंच म्हणतोय की आज सही करू नकोस. का म्हणजे? असंच. बेल्ट परत लाव आधी, नाहीतर ही गाडी डोकं उठवते. हां. तो तुझा वलीभाई एजंट, त्याला मेसेज टाक, म्हणावं ट्रॅफिकमध्ये अडकलोय—आणि ते खोटंही नाही, बघ की समोर, हमरियातल्या आपल्या ऑफिसच्या गेटमधून बाहेर पडून केवढा वेळ झाला आणि अजून आपण थ्री-इलेव्हन हायवेच्या तोंडाशीच आहोत. इथून तुझ्या त्या घरापर्यंत, मुवैलापर्यंत, असंच रांगत जायचंय. तेवढ्या वेळात मला तुझं मन वळवायचंय, आणि मला मन वळवता येत नाही हे प्रमिला तुला सांगेल—लग्नाला वीस वर्षं झाली, अजून मी तिला हॉलचे पडदे बदलू नकोस एवढं पटवू शकलेलो नाही.

बरं, मला सांग, शिवानी राजीनामा उद्या देतेय म्हणालास ना तू? उद्याच? म्हणजे बँक उघडली की देणार. पर्मनंट नोकरी आहे रे ती, नाशिकमधल्या नाशिकमध्ये, घरापासून दहा मिनिटांवर—अशी नोकरी सोडली की परत मिळत नाही, त्या खुर्चीवर बसायला बाहेर रांग लागलेली असते. तिला आज फोन कर. म्हणावं, थांब जरा, सुट्टी काढून ये, महिनाभर राहा, दुबई बघ, मग ठरवू. नाही, मी तुमच्या नवरा-बायकोत पडत नाहीये. पडतोय? बरं, पडतोय. शाळेचं वर्ष आपलं एप्रिलला सुरू होतं, नोव्हेंबरात पोराला आणून काय करणार आहेस—नर्सरीत घेतला, हो का, फीसुद्धा भरली? अरे, तू फारच चटपटीत आहेस बाबा. म्हणूनच तर—जाऊ दे.

मला कोण काय बोलणार? कुणी काही बोललेलं नाही. ऑफिसात माझ्याशी बोलतं कोण—गुड मॉर्निंग, कंटेनर आला का, कंटेनर गेला का, गुड नाइट. तू नवीन आलास तेव्हा तुला वाटलं असेल, हा सावे सर म्हणजे काय मुखदुर्बळ माणूस आहे. वाटलं ना? आणि गाडीत तरी सर म्हणू नकोस, कानाला बोचतं. लाव गाणी लाव, तेवढाच विरंगुळा. स्क्रीनवरचं ते निळं बटण—नाही, ते नाही, ते नको, बंद कर. बंद कर म्हणतोय ना, रुपेश, आवाज कमी नाही, बंदच कर.

काही नाही. पॉडकास्ट होता. हो, चायनीजच. कोरियन कसं असेल, कोरियन वेगळं वाटतं. पोरीचा, ईशानीचा नाही, माझाच आहे. आता असा बघू नकोस, यल्ला, चालव म्हणतोय मागचा पठाण, पुढे सरकू दे मला. ऐक, हे ऑफिसात कुणाला माहीत नाही. घरी प्रमिला आणि ईशानी, ऑफिसातला एकही माणूस नाही, आणि आता तू. सांगणार नव्हतो, पण आता पॉडकास्टमधल्या त्या बाईने तोंड उघडलंच आहे तर—

चार वर्षं झाली. कोविडनंतर हे चायनीज मालक आले ना, तेव्हा आपल्या ऑफिसातली सगळी माणसं घाबरली होती, आता आपलं काय होणार, आणि मला वाटलं, सगळे घाबरतायत तर आपण शिकू या. जाता-येता मिळून रोजचे दोन-अडीच तास या रस्त्यावर जातात, तेवढ्यात माणूस वेदसुद्धा पाठ करील. पॉडकास्टचे महिन्याला चाळीस दिरहॅम—म्हणजे साडेनऊशे रुपये—प्रमिला म्हणाली, एवढ्यात जिम लावली असतीत तर पोट तरी गेलं असतं. त्यात एक आयरिश माणूस आहे आणि एक चायनीज टीचर. तो आयरिश चेंगडू म्हणून एक गाव आहे तिथे राहतो. त्याची स्वतःची गोष्ट तो सारखी सांगतो—तिथे गेला तेव्हा दुकानात मीठ मागता येत नव्हतं, मग असाच कानात यंत्र घालून बसमध्ये, भाजी घेताना, लिफ्टची वाट बघताना पॉडकास्ट ऐकत ऐकत शिकला, आणि एक दिवस खालच्या मजल्यावरच्या दोन म्हाताऱ्या त्याच्याबद्दल लिफ्टमध्ये काय बोलतायत ते त्याला कळलं. त्या म्हणत होत्या, ह्या गोऱ्याची चप्पल तुटलीय, ह्याला कुणी सांगत कसं नाही. तो म्हणतो, त्या दिवसापासून मी त्या गावचा झालो. त्या म्हाताऱ्यांनी त्याला मोची दाखवला, पुढे जेवायला बोलावलं, एकीने तर आपली भाची सुचवली. मला इतकं आवडलं होतं ते, मी तो भाग रिवाइंड करून करून ऐकला. मनात म्हटलं, गुणवंत, तुझाही असा दिवस येणार, इन्शाल्ला.

आता गंमत बघ, तो पॉडकास्ट सगळा चीनमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसांसाठी आहे. मी चीन बघितलेला नाही, माझा पासपोर्ट उघडलास तर शारजा आणि मुंबई, मुंबई आणि शारजा. पण मला बीजिंगच्या टॅक्सीवाल्याला डावीकडे घे म्हणता येतं. घरमालकाला गीझर बिघडला म्हणून सांगता येतं—र-श्वेइ-छी ह्वाय ल. म्हणून बघ. नाही, ह्वाय. जमतंय तुला. सकाळी सातला मी ह्या रस्त्यावर एकटा मोठ्याने गीझर बिघडला, गीझर बिघडला असं ओरडत जायचो, शेजारच्या लेबर बसमधली पोरं बघायची आणि हसायची, मी पण हसायचो. ईशानी एकदा गाडीत होती. म्हणाली, बाबा, प्लीज, इट्स सो क्रिंज. पण मी सुखात होतो रे. खरंच सुखात होतो. एकदा ड्रॅगन मार्टमध्ये, त्या चायनीज मॉलमध्ये, गेलो आणि दिव्यांच्या दुकानातल्या मुलीशी बोललो, तर ती आधी घाबरली, मग हसायला लागली, मग आतून आईला घेऊन आली, आणि त्या माउलीने मला बसायला स्टूल दिलं, गरम पाणी दिलं. पंधरा वर्षं मी ह्या देशात आहे, दुकानात स्टूल मला पहिल्यांदा मिळालं.

मग ऑफिसात का नाही सांगितलं? हाच प्रश्न प्रमिला रोज विचारते. कारण आपल्यात सांगत नाहीत. तूही नाही सांगितलंस—घर बघितलंस, नर्सरी घेतलीस, बायकोचा राजीनामा ठरवलास आणि मग आज पँट्रीत तोंड उघडलंस, सगळं झाल्यावर. आपली ही खोडच आहे, काम होईपर्यंत ब्र काढायचा नाही. अर्धवट सांगितलं आणि नाही जमलं तर लोक हसतील, जमलं तर नजर लागेल. माझ्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा स्लॅब पडेपर्यंत काकांना पत्ता नव्हता. तर मी ठरवलं होतं, त्यांच्या नव्या वर्षाचं जेवण असतं ना, अजमानच्या हॉटेलात, तू तेव्हा नव्हतास—तिथे उभं राहायचं आणि खणखणीत चायनीजमध्ये भाषण ठोकायचं. छोटंसंच. आपले मालक लिन सर, त्यांना शुभेच्छा, कंपनीला शुभेच्छा, आणि मी तुमची भाषा शिकलो कारण मला तुमच्याबरोबर नीट काम करायचंय. स्वयंपाकघरात प्रमिलासमोर शंभरदा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, दोन मांजरं भांडतायत असं वाटतं, पण आत्मविश्वास आहे.

झालं काय, की हॉलच्या दारातच लिन सर उभे होते, चीनहून, निंगबोहून आलेले दोन पाहुणे बरोबर. मला बघून सरांनी खांद्यावर हात टाकला, पाहुण्यांना म्हणाले, हा लाओ गू. मला त्यांच्यात लाओ गू म्हणतात—लाओ म्हणजे जुना, वयाचा मान, आणि गुणवंतचा गू. मराठीत विचार करू नकोस, हस, हस, प्रमिला तर आठवडाभर हसत होती. तर, हा लाओ गू, आणि पुढे म्हणाले—ता थिंग बू तोंग. ह्याच्यासमोर काहीही बोला, चालतं. थिंग म्हणजे ऐकणं, तोंग म्हणजे समजणं, मधला बू म्हणजे नाही. ह्याला ऐकू येतं, पण कळत नाही. रुपेश, ऑफिसात माझ्याबद्दल बोललेलं पहिलं अख्खं वाक्य जे मला समजलं ना, ते हे. आयरिश माणसाला तुटकी चप्पल मिळाली, मला हे मिळालं.

भाषण? कसलं भाषण. बिर्याणी खाल्ली, टाळ्या वाजवल्या, घरी आलो. नाही, रागावलो नव्हतो, त्यात शिवी काही नव्हती—आपण नाही करत? परवा आमच्या लिफ्टमध्ये प्रमिलाने एका फिलिपिनो बाईच्या सेंटबद्दल मराठीत काय काय म्हटलं, तळमजला येईस्तोवर बाईची पार सालपटं काढली, आणि ती बिचारी हसून गुड इव्हनिंग म्हणाली. उद्या ती बाई मराठी पॉडकास्ट ऐकत असली म्हणजे? तर तसंच ते. मला वाटलं, आज नको, नंतर कधीतरी सांगू. आणि तिथे फसलो. कारण बघ, मी त्याच दारात बोललो असतो तर कौतुक झालं असतं, लिन सरांनी मिठी मारली असती, फोटो काढले असते. दुसऱ्या दिवशी बोललो असतो तर—अच्छा, म्हणजे काल ह्याला कळत होतं? महिन्याने बोललो असतो तर ती चोरीच. दर दिवशी गप्प राहिलो तसं ते आणखी अवघड होत गेलं. आता मी मिटिंगमध्ये बसतो, ते आपसात जोक करतात आणि मला हसू येतं, ते दाबायचं, मग चेन मॅडम इंग्लिशमध्ये सांगते, आणि तेव्हा हसायचं. एकदा आधी हसलो. खोकला आला म्हणून वेळ मारून नेली. भिंतीला कान असतात म्हणतात ना, मी ती भिंत आहे. आणि जे ऐकू येतं ते सगळं जोक नसतात. कुणाची पगारवाढ थांबवलीय, कुणाला मूर्ख म्हणतात, कुणाच्या आजारपणावर त्यांचा विश्वास नाही—मला सगळं कळतं आणि मग मी त्याच माणसाबरोबर डबा खातो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पॉडकास्ट बंद केला होता मी मध्ये, वाटलं विसरेन. भाषा विसरता येत नाही रे, गाडी चालवायची विसरता येत नाही तशीच.

तुझ्याबद्दल? तुझ्याबद्दल काय, तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात. शार्प आहे म्हणतात. हो, खरंच. तू प्रश्न विचारतोस म्हणतात—नाही, ते तक्रारीने नाही—म्हणजे थोडं तक्रारीने. वलीभाईचा फोन आहे का तो? कट कर. कट कर, मी सांगतो. सांगतो म्हणजे—बघ, परवा लिन सर आणि चेन मॅडमला खोर फक्कानला पोर्टवर न्यायचं होतं, ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून मी नेलं. ह्याच गाडीतून. ते दोघं मागे, मी पुढे. जाताना डोंगरातले बोगदे लागतात माहीतेय ना, आत शिरलं की बाहेरचं सगळं जातं, आरशात फक्त मागच्या माणसांचे चेहरे. त्यात त्यांनी बोलायला सुरुवात केली. डॉक्युमेंटेशनचं सगळं काम आता निंगबोहून करणार आहेत, नवीन सिस्टिम आलीय, इथे त्यासाठी दोन माणसं कशाला. एक पुरे.

हो.

हो रे. दोघं म्हणजे तू आणि मी, आपल्या डिपार्टमेंटमध्ये तिसरं आहे कोण.

नाही, चुकीचं ऐकलं नाही. मलाही आधी तीच आशा वाटली, की आपलं चायनीज कच्चं, कुठलंतरी वेगळंच ऑफिस असेल, पण नावं घेतली रे त्यांनी. सावकाश, स्वच्छ बोलत होते, टीचरबाई बोलते तसे, कारण घाई कसली, पुढे बसलेल्याला तर कळत नाही. मॅडम म्हणाली, रुपेशला ठेवू, तो हुशार आहे. तुझी बाजू तिने घेतली, हे लक्षात ठेव. आणि लिन सर म्हणाले, हुशार आहे म्हणूनच नको, चांगली ऑफर आली की तो जाईल. लाओ गू कुठे जाणार? त्याची मुलगी बारावीत आहे, मार्चपर्यंत तो हलणार नाही, ह्या वयात त्याला घेणार कोण, आणि त्याच्यापासून काही लपवावं लागत नाही. झालं. खलास. बोगदा संपायच्या आत ठरलं. डिसेंबरातल्या नॅशनल डेच्या सुट्टीनंतर तुला पत्र देणार.

मी काय केलं? मी ब्लिंकर दिला आणि लेन बदलली. काय करणार होतो? पुढे पेट्रोल पंप आला, म्हटलं, सर, करक टी? सर म्हणाले, लाओ गू, व्हेरी गुड. उतरलो, तीन करक घेतले, मॅडमच्यात साखर कमी. ते तीन कागदी कप हातात धरून गाडीपर्यंत आलो आणि एक थेंब सांडला नाही. ह्याचंच मला अजून आश्चर्य वाटतंय. मी तुझ्याऐवजी राहिलोय, रुपेश, आणि का राहिलोय, तर मला काही कळत नाही म्हणून. चार वर्षं घसा फोडून शिकलो, आणि नोकरी वाचली ती न येण्यावर. हसावं की रडावं सांग. तू बोल काहीतरी. असा पुढे बघत बसू नकोस, माझं मग बोलणं थांबत नाही.

मी तुला हे सांगणार नव्हतो. देवाशपथ नव्हतो. विचार केला होता, पत्र येईल तेव्हा येईल, सुट्टीपर्यंत काय घाई, तोवर ह्याला दुसरीकडे सीव्ही टाक असं आडून आडून सुचवू, दर्शन म्हणून माझा एक मित्र आहे जेबेल अलीला, त्याच्याशी बोलू. पण आज तू पँट्रीत म्हणालास शिवानी उद्या राजीनामा देतेय, आणि मोबाइलमध्ये रेयांशच्या खोलीचा तो फोटो, मोकळी भिंत, तिथे तू त्याचा पलंग लावणार—मी डबा अर्धाच बंद केला. तुझा व्हिसा गेला की त्यांचा जाणार, ती तिकडची नोकरी घालवून इथे येऊन उभी राहणार आणि दोन महिन्यांत तुम्ही तिघं बॅगा भरणार. म्हणून म्हटलं, चल, सोडतो तुला. मुवैला काही माझ्या वाटेवर नाही, माहीतेय ना तुला? मी अल नहदाला राहतो. तुझ्या लक्षात आलं नाही? हुशार आहेस म्हणे.

विचारणार? कुणाला विचारणार? लिन सरांना? उद्या सकाळी? नाही. नाही नाही, रुपेश, थांब, ऐक आधी—काय विचारशील, मला काढताय का? ते विचारतील, तुला कुणी सांगितलं. गाडीत आम्ही तिघंच होतो. सर, मॅडम आणि मी. मॅडमने सांगितलं नाही, सरांनी सांगितलं नाही, मग राहिलं कोण? तू तोंड उघडलंस की मी गेलो, आणि मी गेलो की ईशानी गेली, बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर आलीय, तिचा व्हिसा माझ्यावर, प्रमिलाचा व्हिसा माझ्यावर, आणि माझा व्हिसा त्या माणसावर ज्याला मी रोज थँक यू सर म्हणतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी काय तुझ्या पाया पडू? गाडी चालवतोय म्हणून, नाहीतर पडलो असतो. भित्रा म्हण, चालेल. म्हण ना. मी स्वतःला रोज म्हणतो, दोन भाषांत. पण तू उद्या काही विचारणार नाहीस. सही करायची नाही, राजीनामा द्यायचा नाही, आणि ऑफिसात चेहरा असा—असा, माझ्यासारखा. जमेल. सवयीने जमतं.

थांब. फोन. तेच आहेत, स्क्रीनवर बघ, मिस्टर लिन. आवाज सगळ्या गाडीत येतो, तू हूं का चूं करू नकोस. शिंकसुद्धा नको—

—यस सर. गुड इव्हनिंग सर. ड्रायव्हिंग सर, नो प्रॉब्लेम. … टुमॉरो, ओके सर. … अर्ली, यस, सेव्हन-थर्टी. … रुपेश लॅपटॉप? … यस सर. आय विल टेक. … कबर्ड की ऑल्सो, ओके सर. बट सर, आफ्टर नॅशनल डे— … नो सर, नथिंग सर, आय थॉट सम हॉलिडे प्रोग्रॅम. … टुमॉरो. यस. … नो सर, नोबडी. अलोन. … अलोन सर, गोइंग होम. … थँक यू सर. थँक यू.

… … …

श्शू. अजून कट केलेला नाही त्यांनी.

… … …

झालं. गेला फोन.

ऐकलंसच तू. उद्याच. सुट्टीचीसुद्धा वाट बघणार नाहीत, उद्या सकाळी मी तुझा लॅपटॉप काढून घ्यायचा, तू यायच्या आधी. मी. त्यांनी मलाच सांगितलं, कारण लाओ गू विचारत नाही. बघू नकोस रे माझ्याकडे असं. हो, घेणार मी. न घेऊन काय करू? तुला आता त्यांना विचारायचीही गरज उरली नाही बघ, तेवढं एक सोपं झालं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू—पहिल्यांदा मला तेच वाटलं, की चला, आता हा विचारणार नाही.

काय? नंतर ते दोघं चायनीजमध्ये काय बोलत होते? काही नाही. तुझ्याबद्दल नव्हतं. नाही, खरंच तुझ्याबद्दल नव्हतं ते. मॅडमने विचारलं, ह्याच्या मुलीची परीक्षा कधी संपते. ते म्हणाले, सान युए. तिसरा महिना. मार्च. महिने पहिल्याच धड्यांत येतात. ती म्हणाली, मग तोपर्यंत. ते म्हणाले, हो, तोपर्यंत. तोवर निंगबोचं सगळं बसलेलं असेल.

काळजीने विचारलं असेल म्हणतोस? असेल. बाई चांगली आहे ती.

नाही, नाही कळलं मला. ऐकू आलं, कळलं नाही. चार वर्षांच्या पॉडकास्टवर काय कळणार आहे, गीझरपुरतं येतं मला.

आली तुझी बिल्डिंग. तो बघ वलीभाई, खाली उभाच आहे फाइल घेऊन. त्याला सांग, नंतर कळवतो हबीबी, आणि पुढे चालत सुट, बाजूच्या गल्लीत जाऊन शिवानीला फोन कर, आत्ताच्या आत्ता, तिकडे साडेआठ वाजून गेलेत, जेवत असेल ती. कारण काय सांगशील ते तुझं तू बघ. उतर आता, मागे गाड्या लागल्यात, इथे थांबायला देत नाहीत. नको, हातबित नको देऊस, उतर. आणि उद्या आपण दारात भेटलो की गुड मॉर्निंग म्हणायचं, तूही आणि मीही. कुणी विचारलं तर सावेला चायनीज येत नाही. कुणीही विचारलं तरी. दार जोरात ओढ, एका झटक्यात लागत नाही ते.